शून्याचा रंग हिरवा

व्हिडिओ पाहताना चित्राच्या अगदी तळाशी चमकणारी बारीक हिरवी पट्टी अनेकांनी पाहिली असेल. कधी व्हिडिओ कॉल जोडला जात असताना, समोरच्याचा चेहरा दिसण्याआधी, क्षणभर अख्खा चौकोनच हिरवागार होतो. नेट गेले असेल, कॅमेरा बिघडला असेल, असे म्हणून विषय सोडून दिला जातो. पण प्रश्न उरतोच. माहिती पोचलीच नसेल तर पडदा काळा दिसायला हवा. तो हिरवाच का दिसतो?

उत्तर हिशेबात आहे. जिथे चित्र पोचलेले नाही त्या मेमरीत पुष्कळदा नुसती शून्ये असतात, आणि व्हिडिओच्या मोजमापात शून्य म्हणजे काळा नव्हे. तिथे प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे सहसा ठेवत नाहीत. एक आकडा उजेडाचा असतो, त्याला ‘वाय’ म्हणतात. उरलेले दोन रंगाचे: ‘सीबी’ निळ्याकडचा कल सांगतो, ‘सीआर’ तांबड्याकडचा. या पद्धतीत काळ्या रंगाचे आकडे १६, १२८, १२८ असे आहेत. रंगाच्या आकड्यात १२८ याचा अर्थ कल कुठेच नाही. तिन्ही जागी शून्य आले की रंगाचे दोन्ही आकडे टोकाला जातात. पडद्यासाठी यांतून तांबडा, हिरवा, निळा काढताना तांबड्याचे आणि निळ्याचे उत्तर उणे निघते, म्हणून ते शून्यावर थांबवले जाते. हिरव्याचे मात्र २५५ पैकी साधारण १३५ येते. पट्टीचा हिरवा तो हाच.

कुठल्या बाइटमध्ये काय ठेवले आहे याविषयी दोन प्रोग्रामांचा गैरसमज झाला की तो असा रंगरूपाने बाहेर येतो. मेमरीतले बाइट मुके असतात. त्यांच्या अंगावर ‘मी उजेड’, ‘मी रंग’ असे काही लिहिलेले नसते. म्हणून मांडणी कुठेतरी शब्दांत आणि तक्त्यांत, एकेका बाइटपर्यंत लिहून ठेवावी लागते. व्हिडिओ ड्रायव्हरच्या, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, जगात हे लेखन म्हणजे नंतर सवडीने करायचे काम नव्हे. ते चुकले तर निर्दोष ड्रायव्हरही निरुपयोगी ठरतो.

उजेड आणि रंग वेगळे करण्याची कल्पना संगणकाआधीची आहे. फ्रेंच अभियंता जॉर्ज व्हॅलेन्सी यांनी १९३८ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहारी होता. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तरी कृष्णधवल संच फेकून द्यावे लागू नयेत. उजेडाचा संकेत स्वतंत्र पाठवला तर जुना संच तेवढाच घेईल आणि नवा संच त्यात रंग मिसळेल. भारताने हे प्रत्यक्ष अनुभवले आहे. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले. चाळीत आणि वाड्यात ज्या घरी कृष्णधवल संच होता, तिथेही तेच प्रक्षेपण विनातक्रार दिसत राहिले. त्याच वर्षी सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीने डिजिटल चित्रासाठी ‘शिफारस ६०१’ मंजूर केली. वर आलेले १६ आणि १२८ हे आकडे तिच्यातले. उजेड काढताना हिरव्याचा वाटा ०.५८७, तांबड्याचा ०.२९९ आणि निळ्याचा अवघा ०.११४ धरावा, हेही तिच्यात आहे.

उजेड वेगळा काढल्यावर दुसरा फायदा हाती लागला. डोळा उजेडातले बारकावे टिपतो, रंगातले तितके टिपत नाही. म्हणून उजेडाचा आकडा प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवायचा आणि रंगाची एक जोडी शेजारशेजारच्या चार पिक्सेलांत, म्हणजे दोन बाय दोनच्या चौकटीत, वाटून घ्यायची. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. चार पिक्सेलांना बारा बाइट लागायचे तिथे सहा पुरतात. १९२० बाय १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. तीन रंगांनी ते साठवायला ६२,२०,८०० बाइट लागतात, ४:२:० मध्ये ३१,१०,४००. सेकंदाला तीस चित्रे धरली तर १८ कोटी ६६ लाख बाइटांऐवजी ९ कोटी ३३ लाख. मोबाइलच्या बॅटरीला हा फरक कळतो.

आता हे बाइट ठेवायचे कसे? पंगतीत जसे प्रत्येक पानावर भात, भाजी, कोशिंबीर सगळे एकत्र वाढलेले असते, तसे उजेड आणि रंग एकाच ओळीत आळीपाळीने ठेवता येतात. साध्या यूएसबी वेबकॅममध्ये अनेकदा आढळणारे ‘वाययूवायव्ही’ हे फॉरमॅट असेच आहे. त्यात रंग थोडा जास्त, दर दोन पिक्सेलांमागे एक जोडी असा असतो. दुसरी तऱ्हा स्वयंपाकघरातली: भाताचे पातेले वेगळे, भाजीचे वेगळे. सगळा उजेड सलग एका ठिकाणी, मग सगळे सीबी, मग सगळे सीआर. याला प्लेनर मांडणी म्हणतात आणि प्रत्येक थराला प्लेन. ‘आय४२०’ यातलेच. रंगाच्या दोन थरांची अदलाबदल केली की ते ‘वायव्ही१२’ होते. तिसरी तऱ्हा या दोहोंच्या मधली. उजेडाचा थर स्वतंत्र, पण रंगाच्या थरात सीबी आणि सीआर जोडीजोडीने. हे ‘एनव्ही१२’. जोडीतला क्रम उलटा असेल तर ‘एनव्ही२१’, अँड्रॉइडच्या जुन्या कॅमेरा पद्धतीत कॅमेऱ्याचे चित्र सहसा याच रूपात मिळे. व्हिडिओ उलगडणाऱ्या चिपांत आज एनव्ही१२ चे राज्य आहे.

थर वेगळे ठेवण्याचा फायदा रोजच्या व्यवहारात दिसतो. चहाच्या टपरीवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करायला रंगाची गरज नसते. ‘झेब्रा क्रॉसिंग’ नावाच्या प्रसिद्ध मुक्त लायब्ररीत प्लेनर चित्रातला फक्त उजेडाचा थर उचलणारा एक खास वर्ग आहे. रुंदी गुणिले उंची इतके पहिले बाइट घ्यायचे आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहायचे नाही. व्हॅलेन्सींच्या कृष्णधवल संचाची युक्ती खिशातल्या फोनमध्ये पुन्हा कामाला आली ती अशी.

लिनक्समध्ये कॅमेरे आणि व्हिडिओच्या चिपा ज्या सामाईक व्यवस्थेतून वापरल्या जातात, तिचे नाव ‘व्हिडिओ फॉर लिनक्स टू’, थोडक्यात व्ही४एल२. बिल डर्क्स यांनी १९९८ साली आधीच्या व्यवस्थेत सुधारणा सुचवल्या, त्यांतून ती वाढली आणि २००२ साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आली. तिच्या दस्तऐवजात प्रत्येक फॉरमॅटचा तक्ता आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. उदाहरणाला घेतलेले चित्र मुद्दाम इवलेसे, चार बाय चार पिक्सेलांचे. वर एकच सूचना: प्रत्येक चौकट म्हणजे एक बाइट. एनव्ही१२ च्या तक्त्यात ‘आरंभ अधिक ०’ या पत्त्यावर पहिल्या ओळीचे चार उजेड, मग ‘अधिक ४’, ‘अधिक ८’, ‘अधिक १२’ वर पुढच्या तीन ओळी. सोळा बाइट संपले. ‘आरंभ अधिक १६’ वर सीबी००, सीआर००, सीबी०१, सीआर०१. ‘अधिक २०’ वर सीबी१०, सीआर१०, सीबी११, सीआर११. एकूण चोवीस बाइट, चित्र पूर्ण.

एक पिक्सेल घेऊन पाहू. ओळ २, स्तंभ ३, दोन्ही शून्यापासून मोजलेले. त्याचा उजेड ४ गुणिले २ अधिक ३, म्हणजे अकराव्या पत्त्यावर. रंगासाठी ओळ आणि स्तंभ दोन्ही निम्मे करून अपूर्णांक सोडायचा, म्हणजे १ आणि १. मग १६ अधिक ४ अधिक २, म्हणजे बावीसवर सीबी आणि तेवीसवर सीआर. हाच पिक्सेल आय४२० मध्ये शोधला तर उजेड तिथेच, पण सीबी एकोणीसवर आणि सीआर तेवीसवर. वायव्ही१२ मध्ये एकोणीसवर सीआर आणि तेवीसवर सीबी. तिन्ही चित्रे चोवीस बाइटांचीच. नुसता आकार मोजून कोणते फॉरमॅट आहे ते सांगणे अशक्य. तक्ता नसेल तर अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे.

समजा, एनव्ही१२ म्हणून मिळालेले चित्र कोणी एनव्ही२१ समजून वाचले. समोर हळदीकुंकवाचे ताट आहे: कुंकवाची कोयरी, हळद, विड्याची पाने, अक्षता. जोडीतला क्रम उलटल्यामुळे सीबीच्या जागी सीआर वाचला जातो. शुद्ध तांबड्याचे आकडे साधारण ८१, ९०, २४०. शेवटचे दोन अदलाबदल करून रंग काढला तर तांबडा १५, हिरवा ६३, निळा २५५. कुंकू झगझगीत निळे झाले. शुद्ध पिवळ्याचे आकडे २१०, १६, १४६. त्यांची अदलाबदल केली की हळद आकाशी होते. विड्याचे पान मात्र जवळजवळ जसेच्या तसे हिरवे राहते, कारण हिरव्या रंगात सीबी आणि सीआर दोन्ही १२८ च्या खाली असतात. अक्षता पांढऱ्याच राहतात, त्यांच्यात कल मुळातच नाही. म्हणून ही चूक झाडांचा किंवा ढगांचा फोटो तपासताना हुकू शकते आणि माणसाचा चेहरा समोर आला की लगेच पकडली जाते. निळा पडलेला चेहरा पाहिल्यावर अनुभवी माणूस कोड उघडण्याआधीच सांगतो, सीबी-सीआर उलटे झालेत.

इथवर सगळे चार बाय चारच्या चित्रात मावले. खऱ्या चित्रात पहिली अडचण येते ती ओळीच्या लांबीची. चिपांना मेमरी ६४ बाइटांसारख्या ठरावीक तुकड्यांत वाचायला आवडते. १३६६ पिक्सेल रुंदीचे चित्र, लॅपटॉपच्या पडद्यांमुळे हा आकडा ओळखीचा झाला आहे, ६४ च्या पटीत बसत नाही. म्हणून प्रत्येक ओळ १४०८ बाइटांची करतात. शेवटचे ४२ बाइट रिकामे, नुसती भरती. या पूर्ण लांबीला स्ट्राइड म्हणतात. वाचणाऱ्याने ओळ १३६६ बाइटांचीच धरली तर दुसरी ओळ ४२ बाइट मागून सुरू होते, तिसरी ८४, चौथी १२६. चित्र तिरपे होत जाते आणि साधारण ३३ ओळींमागे एक पूर्ण वेढा घेते. दारे, खांब, माणसे सगळी एका बाजूला कलंडलेली दिसतात.

प्लेनर फॉरमॅटमध्ये यापुढचा प्रश्न येतो. उजेडाच्या ओळीला ४२ बाइटांची भरती असेल तर रंगाच्या ओळीला किती? व्ही४एल२ च्या दस्तऐवजात याचे उत्तर स्पष्ट आहे. आय४२० आणि वायव्ही१२ मध्ये निम्मी: रंगाच्या दोन ओळी, भरतीसकट, उजेडाच्या एका ओळीइतक्या भरल्या पाहिजेत. एनव्ही१२ मध्ये मात्र तितकीच, कारण तिथे सीबी-सीआर जोडीने बसत असल्याने रंगाची ओळ उजेडाच्या ओळीएवढीच लांब असते. हे एक वाक्य लिहिलेले नसते तर प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने अर्थ लावला असता, आणि प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक चिपसाठी वेगळा हिशेब ठेवावा लागला असता.

दुसरी अडचण उभी. एच.२६४ हे सर्वत्र वापरले जाणारे व्हिडिओचे मानक चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलांचे चौकोन पाडते. १०८० ला १६ ने भाग जात नाही. ६७ चौकोन कमी पडतात, ६८ घेतले तर १०८८ ओळी होतात. म्हणून चिप मेमरीत १०८८ ओळी लिहिते आणि त्यांतल्या वरच्या १०८० दाखवायच्या असतात. उरलेल्या आठ ओळी दाखवल्या गेल्या आणि त्यांत काही लिहिलेले नसेल, तर तळाशी हिरवी पट्टी दिसते.

याहून फसवी चूक रंगाच्या थराची. रंग कुठून सुरू होतो? वाचणाऱ्याने १९२० गुणिले १०८० केले तर उत्तर २०,७३,६००. चिपने मात्र रंग २०,८८,९६० पासून लिहिला आहे. फरक १५,३६० बाइटांचा, बरोबर आठ ओळींचा. रंगाची एक ओळ उजेडाच्या दोन ओळींना पुरते, म्हणून रंग सोळा पिक्सेल खाली घसरतो. चित्र नीट, रेषा नीट, पण ओठांचा रंग हनुवटीच्या बाजूला उतरलेला आणि साडीच्या काठाचा रंग काठाखाली. लहान पडद्यावर हे चटकन कळतही नाही. छपाईचा रंग हलावा तसे काहीतरी खटकत राहते.

ही चूक होते कारण व्ही४एल२ च्या साध्या एनव्ही१२ मध्ये रंग कुठे सुरू होतो हे सांगायला स्वतंत्र रकाना नाही. स्ट्राइड गुणिले उंची, असा नियमच धरलेला आहे. म्हणून ड्रायव्हरने फॉरमॅटची उंची १०८८ सांगायची आणि त्यातला दाखवायचा भाग १०८० हे वेगळे सांगायचे, अशी शिस्त आहे. शेजारच्या घरी, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या डीआरएम या व्यवस्थेत, प्रत्येक थरासाठी स्ट्राइड आणि सुरुवातीचा पत्ता दोन्ही लिहून द्यायचे असतात. चार थरांपर्यंत सोय आहे. पत्ता उघड सांगणे केव्हाही बरे. गृहीत धरलेला पत्ता तक्त्यात कितीही नीट लिहिला, तरी तो प्रत्येक वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा लागतो.

दोन शेजाऱ्यांचे जमणे का गरजेचे, तर चित्र आता एका घरातून दुसऱ्या घरात नक्कल न करता जाते. कॅमेऱ्याने भरलेला बफर, म्हणजे चित्राचा मेमरीतला तुकडा, तसाच व्हिडिओ दाबणाऱ्या चिपकडे आणि तसाच पडद्याकडे. सुमित सेमवाल यांनी लिहिलेल्या ‘डीएमए-बफ’ या यंत्रणेने, जी २०१२ साली लिनक्स ३.३ मध्ये आली, ही देवाणघेवाण सर्व ड्रायव्हरांसाठी सामाईक केली. आधी नक्कल करताना वाटेत मांडणी बदलून घेता येई. आता बाइट जिथे आहेत तिथेच राहतात, हाती येते ती फक्त त्यांची ओळख. ओळखीत चूक म्हणजे चित्रात चूक.

आणि ओळखीच्या शब्दांतच घोळ आहे. ‘प्लेन’ हाच शब्द घ्या. रंगाचा थर या अर्थी एनव्ही१२ मध्ये दोन प्लेन आहेत. पण मेमरीत दोन्ही थर एकाच सलग बफरात असतात. सॅमसंगच्या काही चिपांना उजेड आणि रंग वेगवेगळ्या मेमरीत हवे होते, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वाचता येतात. त्यासाठी २०११ साली व्ही४एल२ मध्ये अनेक बफरांची सोय झाली आणि ‘एनव्ही१२एम’ असे फॉरमॅट आले. त्यात रंगाचे थर दोन आणि मेमरीचे तुकडेही दोन. तेव्हापासून रंगाचे प्लेन आणि मेमरीचे प्लेन असे दोन अर्थ जपून वेगळे ठेवावे लागतात. नवख्या माणसाची पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

नावांचे आणखी एक उदाहरण तर थक्क करणारे आहे. चार बाइटांचा एक पिक्सेल, मेमरीत क्रम निळा, हिरवा, तांबडा, पारदर्शकता. डीआरएम मध्ये याचे नाव ‘एआरजीबी८८८८’, कारण तिथे चारही बाइट मिळून एक बत्तीस बिटांची संख्या मानतात आणि ती मोठ्या टोकाकडून वाचतात. व्ही४एल२ मध्ये याचेच नाव ‘एबीजीआर३२’. तिथल्या नावात बीजीआर हा मेमरीतला क्रम आहे, पण पारदर्शकतेचा ‘ए’ मेमरीत शेवटी असूनही नावात पुढे लागला आहे. दोन्हीकडे याचा चार अक्षरी संकेत मात्र एकच: ‘एआर२४’. नावे उलटी, संकेत तोच, बाइट तेच. एनव्ही१२ बाबतही असेच. एका दस्तऐवजात सीबी मग सीआर लिहिलेले, दुसऱ्यात सीआर मग सीबी आणि पुढे ‘लिटल एंडियन’, म्हणजे धाकटा बाइट आधी, ही पुस्ती. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे. ती पुस्ती न वाचणाऱ्याचे कुंकू निळे होते.

नावावरून मांडणी ओळखू नये, असे बजावण्याची वेळ म्हणून येते. व्ही४एल२ मध्ये ‘आरजीबी३२’ आणि ‘बीजीआर३२’ ही जुनी फॉरमॅट आजही संदर्भासाठी ठेवलेली आहेत. पण त्यांची व्याख्या संदिग्ध असल्याने नव्या ड्रायव्हरांनी ती वापरू नयेत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. चौथ्या बाइटमध्ये पारदर्शकता आहे की नुसती भरती, हे सुरुवातीला ठामपणे ठरवले गेले नाही. एका बाइटाबद्दलचे मौन इतके महाग पडले.

सलग ओळींची मांडणी सोडली की तक्तेही अपुरे पडतात. १९२० रुंदीच्या चित्रात एका पिक्सेलच्या बरोबर खालचा पिक्सेल मेमरीत १९२० बाइट दूर असतो. १६ बाय १६ च्या चौकोनावर काम करणाऱ्या चिपला सोळा वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते. म्हणून काही कंपन्या चित्राच्या फरशा पाडतात आणि एक फरशी सलग ठेवून मग दुसरीकडे वळतात. सॅमसंगच्या ‘एनव्ही१२एमटी’ मध्ये फरशी ६४ बाय ३२ ची, आणि फरशांचा क्रम सरळ नसून नागमोडी. हे शब्दांत सांगणे अवघड, म्हणून दस्तऐवजात त्याच्या आकृत्या काढून जोडल्या आहेत. रास्पबेरी पायच्या चिपांमध्ये ‘सँड’ नावाची मांडणी आहे, तिच्यात चित्र १२८ बाइट रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत कापलेले असते.

ऑलविनर या चिनी कंपनीच्या स्वस्त चिपांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांतल्या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाची माहिती जाहीर नव्हती. लिनक्स-सनक्सी या समूहातल्या स्वयंसेवकांनी चिपचे वागणे निरखून, उलटा माग काढत ती शोधली. बूटलिन या फ्रेंच कंपनीने २०१८ साली लोकवर्गणी जमवून तिच्यावर ‘सेड्रस’ हा ड्रायव्हर लिहिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ४.२० मध्ये तो दाखल झाला. त्याच्यासोबत चिपच्या फॉरमॅटचे वर्णनही दाखल झाले. उजेडाच्या थराच्या फरशा ३२ बाय ३२ च्या, प्रत्येक फरशीच्या आत बाइट सरळ ओळींत, फरशा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, चित्राची मापे पूर्ण फरशीच्या पटीत वाढवलेली. चार वाक्ये. ज्यांना ही माहिती खणून काढायला अपार कष्ट पडले, त्यांनी ती पुढच्या माणसाला चार वाक्यांत हाती दिली. तांत्रिक लेखनाचा याहून सुंदर नमुना क्वचित सापडतो.

दहा बिटांच्या नव्या चित्रांनी ‘एक चौकट म्हणजे एक बाइट’ हा सोपा नियमही मोडला. ‘पी०१०’ मध्ये प्रत्येक आकडा दोन बाइटांत ठेवतात, पण दहा बिटे वरच्या बाजूला आणि खालची सहा शून्य. दहा बिटांतला काळा म्हणजे ६४. तो मेमरीत ४०९६ होऊन बसतो. खालच्या बाजूने वाचले तर सगळे आकडे निरर्थक ठरतात. त्यामुळे असल्या फॉरमॅटच्या तक्त्यात एका आकड्याचे दोन्ही बाइट सुटे दाखवावे लागतात.

हे सगळे लिहिणारे लोक कोण? ड्रायव्हर लिहिणारेच. व्ही४एल२ चा दस्तऐवज आधी डॉकबुक नावाच्या बोजड साच्यात होता. २०१६ साली तो साध्या मजकुराच्या स्फिंक्स पद्धतीत आणला गेला, तेव्हापासून त्यात हात घालणे सोपे झाले. पूर्वी एकेका प्लेनर फॉरमॅटचे पान वेगळे होते, तेच नियम पानोपानी थोड्या वेगळ्या शब्दांत. नंतर ती सगळी एका सामाईक पानावर आणली. भरतीचा नियम एकदा, क्रमाचा नियम एकदा आणि मग प्रत्येक फॉरमॅटचा फक्त तक्ता. मजकूर कमी झाला आणि विसंगतीची शक्यताही कमी झाली. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण नवी चिप आली की तिच्या ड्रायव्हरचा लेखक पहिल्यांदा हेच पान उघडतो.

ज्यांच्याकडे लिनक्सचा लॅपटॉप आहे त्यांना ‘व्ही४एल२-सीटीएल’ ही आज्ञा वापरून आपला कॅमेरा कोणकोणती फॉरमॅट देतो ते पाहता येते. यादीत वाययूवायव्ही बहुधा सापडेलच. काही कॅमेऱ्यांत एनव्ही१२ ही मिळते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ते एक चित्र फाइलमध्ये उतरवून घ्यावे, तक्ता समोर ठेवावा आणि स्वतःच्या प्रोग्रामने रंग काढून पाहावा. कर्नलचा दस्तऐवज कोडच्याच भांडारात असतो आणि त्यातली दुरुस्ती कोडच्या दुरुस्तीप्रमाणेच पाठवता येते. तक्त्यातल्या एका अंकाची दुरुस्तीसुद्धा.

त्याआधी कागदावर करण्यासारखे एक काम आहे. चौकटीच्या वहीत पाच बाय पाच पिक्सेलांचे चित्र काढा आणि एनव्ही१२ च्या नियमाने त्याचे बाइट मांडा. उजेडाच्या ओळीत पाच बाइट होतील. रंगाच्या ओळीत तीन जोड्या, म्हणजे सहा बाइट लागतील. पण दोन्ही ओळींची लांबी सारखी असली पाहिजे, असा नियम आहे. म्हणूनच अनेक ड्रायव्हर विषम रुंदी मागितली तरी सम रुंदीच देतात.